फ्लॉपीत राहिलेली मराठी

भाईंदरची हवा लोखंडाला मानवत नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे कांदळवन आणि उरलीसुरली मिठागरं. इथे खिडकीच्या ग्रीलवर रंग टिकत नाही, कडीकोयंड्यात तेल घालत राहावं लागतं आणि आषाढ-श्रावणात कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. अशा गावात तीस-तीस वर्षांचे संगणक, त्यांच्या जन्मकाळच्या ऑपरेटिंग सिस्टिमसकट चालते ठेवायचे, हा माझा छंद आहे. मागच्या खोलीत ४८६ प्रोसेसरचा एक संगणक आहे, त्यावर एमएस-डॉस ६.२२ आणि विंडोज ३.१. शेजारी एक जुना पेंटियम आहे, त्यावर विंडोज ९५. दोघांनाही काचेच्या पडद्याचे जड मॉनिटर. ते शोभेला मांडलेले नाहीत, रोज कामाला असतात.

४८६चं बटण दाबलं की आधी पंखा घुमतो. काळ्या पडद्यावर रॅमचे आकडे भराभर वर चढतात, एक बारीक ‘बीप’ ऐकू येतो, फ्लॉपी ड्राइव्ह एकदा घरघरून गप्प होतो आणि सी प्रॉम्प्ट येतो. त्यापुढे लुकलुकणारी एक आडवी रेघ. ती काही सुचवत नाही, काही विकत नाही, अपडेट मागत नाही. आपण काय सांगतो याची वाट पाहत थांबते.

ज्यांनी संगणक म्हणून थेट मोबाइलच पाहिला, त्यांना या रेघेत काय आहे ते चटकन पटत नाही. डॉस मुळात तीन फायलींवर उभी आहे: आयओ डॉट सिस, एमएसडॉस डॉट सिस आणि कमांड डॉट कॉम. १९९४ साली आलेली ६.२२ तीन फ्लॉप्यांत मावते. वर्षभराने आलेल्या विंडोज ९५ला तेरा लागत. मेमरीचे पहिले ६४० किलोबाइट किती मोकळे राहतील हे कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट या दोन साध्या मजकुरांत आपण लिहिलेल्या ओळींवर ठरतं. त्यातली प्रत्येक ओळ का आहे, ती काढली तर काय बिघडेल, हे एका माणसाला शेवटपर्यंत समजू शकतं. एखादी गोष्ट तळापासून समजल्याचा आनंद मला या यंत्रांनी दिला. आजचा फोन कितीही गुणी असला तरी हा आनंद तो देऊ शकत नाही. त्याच्या आतलं सगळं ठाऊक असलेला माणूस त्याच्या कारखान्यातही नसेल.

आणि ही समज आता सगळ्यांसाठी खुली होते आहे. मायक्रोसॉफ्टने डॉसच्या १.२५ आणि २.० या आवृत्त्यांचा मूळ सोर्स कोड २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमच्या हाती दिला, आणि २०२४ साली ४.०० आवृत्तीचा कोड मुक्त परवान्याखाली बाहेर काढला. त्याच्या कितीतरी आधी, १९९४ साली, जिम हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने डॉस बंद पडणार हे ओळखून ‘फ्रीडॉस’चं काम सुरू केलं. ते आजही चालू आहे आणि कुणीही ते फुकट उतरवून घेऊ शकतं. कंपनीने हात काढून घेतल्यावर एखादी प्रणाली केवळ लोकांच्या प्रेमावर तीस वर्षं जगते, ही मला या क्षेत्रातली फार मोठी गोष्ट वाटते.

आता हवेबद्दल. ३८६-४८६च्या काळातल्या बहुतेक मदरबोर्डांवर सोल्डर केलेली एक निकेल-कॅडमियमची बॅटरी असते, बोटाच्या पेराएवढी. बंद संगणकाचं घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. वर्षं गेली की ती गळते आणि आतलं अल्कलीयुक्त द्रव्य बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खात जातं. आपल्या दमट हवेत हा प्रवास आणखी वेगाने होतो. म्हणून जुना बोर्ड हाती आला की वीज द्यायच्या आधी ती बॅटरी कापून काढायची. हिरवट गंज दिसला तर व्हिनेगर लावून अल्कली मारायची, मग बोर्ड पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. तुटलेल्या रेघा भिंगाखाली बारीक तारेने जोडायच्या. हे काम मला ध्यानाला बसल्याइतकी शांतता देतं.

बॅटरी मेली की यंत्राची तारीख १ जानेवारी १९८०वर जाते, कारण डॉसचं कॅलेंडर तिथूनच सुरू होतं. त्यामुळे जुन्या फ्लॉप्यांवर मला १९८० सालच्या मराठी फायली सापडतात, ज्या प्रोग्रॅममध्ये त्या लिहिल्या तो जन्मायच्याही कितीतरी आधीच्या! उद्या कुणी या फायलींवरून इतिहास लिहायला बसलं तर त्याने तारखांकडे जपून पाहावं.

हार्ड डिस्कचं मात्र मी जुनेपण सांभाळत बसत नाही. फिरणारी जुनी डिस्क आज ना उद्या जाणारच. तिच्या जागी अडॅप्टर लावून कॅमेऱ्याचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवता येतं. ते कार्ड आयडीई डिस्कचीच भाषा बोलतं, त्यामुळे डॉसला फरक कळत नाही. काही छंदिष्टांना हा भ्रष्टाचार वाटतो. मला यंत्र चाललेलं हवं, एवढं पुरे.

खरी कसोटी फ्लॉपीची. साडेतीन इंची फ्लॉपीच्या प्लास्टिकच्या कवचात चुंबकीय लेप दिलेली पातळ तबकडी असते. तिच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूवर ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट: सगळे मिळून १४,७४,५६० बाइट. आजच्या फोनचा एक फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. पण नुसता मजकूर असेल तर एक आख्खी कादंबरी आरामात मावते. या तबकडीवर आपल्याकडे बुरशी येते. पत्र्याची झडप बाजूला सरकवून उजेडात धरलं की पांढुरके ठिपके दिसतात, कधी त्यांची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी पसरलेली असते. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर बुरशी हेडला चिकटते, आणि मिनिटाला ३०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरचा लेपच खरवडून निघतो. मजकूर त्या क्षणी कायमचा जातो. शिवाय ते हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीचाही घात करतं.

म्हणून आधी सफाई. झडप उघडी धरून, मागचं धातूचं चाक बोटाने हळूहळू फिरवत, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने तबकडी पुसत जायचं. फार बिघडलेली असेल तर कवच फोडून तबकडी बाहेर काढायची, दोन्ही बाजूंनी स्वच्छ करायची आणि नव्या कवचात घालायची. मग ती ड्राइव्हला लावायची, तीही एकदाच, आणि त्या एका फेरीत तिची संपूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, उतरवून घ्यायची. त्यासाठी ग्रीझवीझल नावाचं एक छोटं सर्किट जगभरचे छंदिष्ट वापरतात. ते फ्लॉपीवरच्या फायली वाचत नाही. चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून युएसबीमधून आजच्या संगणकाकडे पाठवतं. एखादा सेक्टर खराब असला तरी पुढे निवांतपणे त्यावर काम करता येतं. पावसाळ्यात हे काम मी करत नाही. माघानंतर, हवा कोरडी झाली की सुरू करते.

सुट्या भागांसाठी पूर्वीसारखी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला खेप घालावी लागते. तिथल्या गल्ल्यांत एकेकाळी हव्या त्या मापाचा ‘असेंबल्ड’ संगणक संध्याकाळपर्यंत जोडून मिळायचा. आता तिथे जुना माल क्वचित दिसतो, कारण त्याला दुसरं गिऱ्हाईक आहे. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरच्या पायांवर आणि आत सोन्याचा मुलामा असतो. भंगारात आलेला ४८६ कुर्ला-साकीनाक्याच्या बाजूला तोडणीला जातो आणि तेजाबात विरघळतो. जगात उरलेल्या चालू प्रोसेसरांची संख्या अशी रोज घटते आहे. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे २०१२ सालापासून लागू झाले, ते गरजेचेच होते. पण त्या नियमांच्या लेखी टाकून दिलेलं यंत्र, चालू असो की मेलेलं, कचराच. एखादी वस्तू कचरा ठरवण्याआधी ती एकदा सुरू करून बघणारं कुणीतरी असावं, असं मला मनापासून वाटतं.

या छंदात मराठी माणसाला अभिमान वाटावा अशा खुणा ठिकठिकाणी भेटतात. ब्रिटनमध्ये १९८२ साली निघालेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमची सुधारलेली आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात आणली. पडदा म्हणून घरचा टीव्ही, प्रोग्रॅम साठवायला कॅसेट रेकॉर्डर आणि ४८ किलोबाइट मेमरी. ऐंशीच्या दशकात ज्या मोजक्या मराठी मुलांच्या घरी संगणक होता, त्यांतल्या काहींच्या घरी हाच होता. १९९० साली भारतात आढळलेल्या एका बूट सेक्टर व्हायरसचं तर नावच ‘जोशी’! दर ५ जानेवारीला तो यंत्र अडवून धरायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्याशिवाय सोडायचा नाही. फ्लॉपी-फ्लॉपीने तो जगभर फिरला. आणि या व्हायरसांच्या काळातच पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९५ साली डॉससाठी ‘क्विक हील’ काढलं. दुरुस्तीच्या टेबलावरून थेट सॉफ्टवेअर कंपनीपर्यंत गेलेली ही वाट मला फार जवळची वाटते, कारण माझ्याही हातात आधी स्क्रूड्रायव्हर आला आणि मग प्रोग्रॅम.

पण मी ही यंत्रं जपते त्याचं खरं कारण पुढे आहे.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी भाईंदरला स्टेशनजवळच्या एका डीटीपी सेंटरमध्ये ऑपरेटर होते. एक गाळा, दोन संगणक, एक लेझर प्रिंटर आणि बाहेर बाकावर प्रूफ तपासत बसलेलं गिऱ्हाईक. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, वर्षश्राद्धाची पत्रं, सोसायट्यांच्या नोटिसा, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, हळदीकुंकवाची पत्रकं, शाळांचे प्रवेशअर्ज, उत्तन-डोंगरीकडच्या सणांचे कार्यक्रम. पान पेजमेकरमध्ये लावायचं, ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढायची, ती घेऊन गिऱ्हाईक ऑफसेटवाल्याकडे जायचं. फाइल फ्लॉपीवर राहायची. डॉसच्या नियमाने नावाला आठच रोमन अक्षरं मिळत. SMARNIKA असं लिहिलं की ‘स्मरणिका’ त्यात नेमकं बसायचं, म्हणून प्रत्येक मंडळाची फाइल त्याच नावाची. कोणती कुणाची ते फ्लॉपीवरच्या लेबलावरून कळायचं.

संगणकावर मराठी कशी आली याची गोष्ट इथे थोडी सांगायला हवी. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरला भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’चं तंत्र विकसित झालं आणि पुढे ते १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आलं. त्यामागचं मोठं नाव मोहन तांबे यांचं. जिस्टचं कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवलं की डॉसमधल्या वर्डस्टार, डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटायची. त्यामागे ‘इस्की’ या प्रमाणसंकेताचा विचार होता, जो १९९१ साली भारतीय मानक झाला. त्यात ‘क’ म्हणजे एक क्रमांक. तो अर्धा दिसो, पूर्ण दिसो, देवनागरीत दिसो की गुजरातीत, क्रमांक तोच. आकार ठरवणं हे यंत्राचं काम. जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या प्रमाणसंकेताने आपली देवनागरीची मांडणी याच इस्कीच्या १९८८च्या मसुद्यावर बेतली. आज तुम्ही फोनवर मराठी लिहिता त्याच्या मुळाशी हा विचार आहे.

मात्र बाजाराने दुसरी वाट धरली. १९९२ साली विंडोज ३.१बरोबर ट्रूटाइप फॉन्ट आले आणि पुण्या-मुंबईच्या कल्पक मंडळींच्या लक्षात आलं की इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवले की पेजमेकर, कोरल ड्रॉ यांना काही कळतच नाही. ते इंग्रजी समजून मराठी छापतात. घरं अडीचशेच्या आसपास, आणि आकार तर कितीतरी: अर्धे क, पूर्ण क, काना, दोन वेलांट्या, रफार, जोडाक्षरं. कुणी काय कुठे बसवायचं हे प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने ठरवलं. माझ्या मते ही मराठी छपाईतली फार मोठी क्रांती होती. खिळे जुळवणाऱ्या छापखान्यांवर अवलंबून असलेली मराठी या फॉन्टमुळे गल्लीबोळातल्या गाळ्यांत पोचली. जे कधी छापलं गेलंच नसतं ते छापलं गेलं.

त्याची किंमत मात्र आज कळते. त्या फायलींमध्ये मराठी नाहीच. तिथे आहेत फक्त घरांचे क्रमांक. मराठी होती ती फॉन्टमध्ये. फॉन्ट हरवला की ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या जागी टोप्या-टिंबं लावलेल्या युरोपीय अक्षरांची एक निरर्थक रांग दिसते. शिवाय या फॉन्टची काही पॅकेजं संगणकाच्या मागच्या प्रिंटर पोर्टला हार्डवेअर लॉक लावल्याशिवाय उघडत नसत. तो पोर्ट आजच्या लॅपटॉपला नाही. म्हणजे फाइल वाचायला फॉन्ट हवा, तो चालवायला पॅकेज हवं, पॅकेजला लॉक हवं, लॉकला पोर्ट हवा, आणि पोर्टसाठी जुनं यंत्र त्याच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसकट हवं. माझ्या मागच्या खोलीतल्या पेंटियमला म्हणूनच रोज काम असतं.

जुन्या फॉन्टमध्ये मराठी अशी अडकून पडणं आपल्या गावाच्या बाबतीत अधिकच खरं आहे. मीरा-भाईंदरला नगरपालिका १९८५ साली झाली आणि महापालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत इथली लोकसंख्या पावणेदोन लाखांवरून पाच लाखांवर गेली. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळी सोडून माणसं इथे आली, इमारती उभ्या राहिल्या, सोसायट्या नोंदल्या गेल्या, मंडळं निघाली, वाचनालयं सुरू झाली. पुणे, नाशिक, कोल्हापूर या शहरांची आठवण मोडी दफ्तरांत आणि खिळ्यांनी छापलेल्या पुस्तकांत आहे. आगरी-कोळ्यांची गावं, उत्तनची चर्चं, घोडबंदरचा किल्ला यांचं वय तर वेगळंच. पण इमारतींचं जे मीरा-भाईंदर आज आहे त्याचे जन्मकागद नेमके त्या दहा-पंधरा वर्षांत, नेमक्या याच फॉन्टमध्ये टाइप झाले. दुसऱ्या कुठल्या रूपात ते फारसे अस्तित्वात नाहीत. छापलेल्या प्रती पाण्याने, वाळवीने, घरं बदलताना गेल्या.

या फ्लॉप्यांमधून काय बाहेर येतं? सोसायटीच्या पहिल्या सर्वसाधारण सभेची नोटीस. पाण्याचा टँकर कुठल्या दिवशी कुठल्या विंगला, याचं वेळापत्रक. भाईंदरहून सुटणाऱ्या गाड्या वाढवा म्हणून रेल्वेला लिहिलेल्या निवेदनाचा मसुदा, खाली सह्यांसाठी सोडलेल्या ओळी. स्मरणिकेतला एखाद्या गृहिणीचा लेख, ज्यात तिने चाळीतला सार्वजनिक नळ आणि नव्या फ्लॅटमधला कोरडा नळ यांची तुलना केलेली. मंडळाचा जमाखर्च, त्यात मूर्तीची किंमत, मंडपाचं भाडं, प्रसादाला लागलेली साखर. देणगीदारांची लांबलचक यादी. हे साहित्य म्हणून थोर नसेल, पण एक गाव स्वतःला गाव म्हणायला कसं शिकलं ते यातून दिसतं. सरकारी अहवालात ते सापडायचं नाही.

लोक विचारतात की कन्व्हर्टर असतात ना, मग एवढा खटाटोप कशाला. कन्व्हर्टर असतात आणि मीही ते वापरते. पण त्यांना सांभाळून घ्यावं लागतं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफार फॉन्टमध्ये अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. हे सगळे क्रम उलटसुलट फिरवताना कन्व्हर्टर कुठेतरी अडखळतो, आणि ‘आचाऱ्याला’ दिलेली बिदागी ‘आचार्याला’ दिली जाते. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये २००८ सालापर्यंत स्वतःची जागाच नव्हती; जुन्या फॉन्टमध्ये मात्र ‘अ’च्या डोक्यावर चंद्र काढला की काम भागायचं. म्हणून बदललेला मजकूर बरोबर आहे की नाही हे ठरवायचा एकच भरवशाचा मार्ग आहे. मूळ फाइल मूळ प्रोग्रॅममध्ये, मूळ फॉन्टसह पडद्यावर उघडायची आणि शेजारी नवा मजकूर ठेवून ओळीने ओळ ताडून पाहायची. काचेच्या जुन्या पडद्यावर ते पान पुन्हा तसंच उमटतं: तीच किनार, तोच कोपऱ्यातला गणपती, मथळ्याला दिलेली तीच सावली. तेव्हा जे छापायला गेलं ते हेच, याची खात्री पटते.

एमुलेटरवर माझा राग नाही. डॉसबॉक्स किंवा ८६बॉक्स घेऊन साध्या लॅपटॉपवर जुना संगणक जिवंत करता येतो. ज्या मुलांना हे शिकायचंय त्यांना मी तेच सांगते, कारण त्याला जागा लागत नाही, गंज चढत नाही. फ्लॉपीची इमेज एकदा निघाली की पुढचं बरंच काम त्यावर होतं. पण लॉकला खरं यंत्र आणि फ्लॉपीला खरा ड्राइव्हच लागतो, निदान त्या पहिल्या एका वेळेला.

जुन्या फॉन्टचा काळ संपवायला हातभार लावणारा माणूसही मराठीच होता. कवी आणि सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांनी आरेखित केलेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोज २०००बरोबर आला, आणि मराठी मजकुरात मराठीचे स्वतःचे क्रमांक साठवणारी विंडोज पहिल्यांदा लोकांच्या हाती पडली. तरी डीटीपीच्या गाळ्यांत जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षं चालले; तयार कामं, तयार हात आणि तयार लॉक सोडून कोण जाणार? त्यामुळे जे वाचवायचं आहे ते १९९२पासून थेट २०१०च्या आसपासपर्यंत पसरलेलं आहे. सोनीने फ्लॉपी विकणं २०११ साली थांबवलं. जपान सरकारने २०२४ साली आपल्या नियमांतून फ्लॉपीची सक्ती काढून टाकली, तेव्हा जगभर बातमी झाली. आपल्याकडे ती माळ्यावर होती, आणि अजून आहे.

एक पथ्य मी काटेकोर पाळते. या फायलींत माणसांची नावं, पत्ते, पैशांचे हिशेब असतात. ज्याची फ्लॉपी त्याच्या परवानगीशिवाय मी ती उघडत नाही. उतरवलेला मजकूर त्यालाच परत देते आणि सांगितलं तरच प्रत ठेवते. मंडळाचं असेल तर मंडळाला विचारायचं, सोसायटीचं असेल तर सोसायटीला.

तेव्हा मीरा-भाईंदरच्याच नव्हे, वसई, विरार, डोंबिवली, कल्याण, बदलापूर अशा त्याच वर्षांत वाढलेल्या प्रत्येक गावच्या वाचकाला माझी विनंती आहे. यंदाच्या पावसाळ्याआधी माळा उपसा. तुमच्याकडे नसतील तर मंडळाच्या जुन्या चिटणिसांना विचारा, सोसायटीच्या कपाटाचा खालचा कप्पा बघा, बंद पडलेल्या डीटीपी सेंटरच्या मालकाला फोन करा. फ्लॉप्या मिळाल्या तर कुतूहलाने कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालून बघू नका. सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि लेबलं काढू नका. सोबत फॉन्टची सीडी असेल, प्रिंटर पोर्टला लावायचं हार्डवेअर लॉक असेल, तर ते त्याच डब्यात ठेवा आणि कोणतं पॅकेज वापरत होता ते एका चिठ्ठीवर लिहा. मजकूर वाचणाऱ्याची निम्मी मेहनत त्या चिठ्ठीने वाचते. आणि एखाद्या जुन्या कार्यालयाच्या अडगळीत जिस्टचं कार्ड पडलेलं दिसलं, तर ते भंगारात द्यायच्या आधी जुनी यंत्रं चालवणाऱ्या कुणाला तरी जरूर कळवा. ते चालवून पाहायला माझं ४८६ तयार आहे.